आधी मोटर, मग पाणी

आमच्या गल्लीत पाणी यायच्या आधी मोटर सुरू होते. आरोग्यखात्याच्या बाई चौकशीला आल्या तेव्हा त्यांना हे सांगितलं, तर त्यांना वाटलं मी बोलताना चुकलो. त्यांनी मान वर करून पुन्हा विचारलं, "म्हणजे पाणी आल्यावर मोटर लावतात, असंच ना?"

"नाही हो बाई. आधी मोटर, मग पाणी."

"रिकाम्या पाइपाला?"

"रिकाम्या पाइपाला."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी मोटर दुरुस्तीचं काम करतो. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. वाइंडिंग, बेअरिंग, सील, जे असेल ते. गल्ली मला मिस्त्री म्हणते. त्यामुळे हा मूर्खपणा मला नवा नाही. पाणी सकाळी येतं. त्याच्या बऱ्याच आधी शेजारचा शिंपी बटण दाबतो, कारण त्याला वाटतं, ज्याची मोटर आधी त्याला पाणी आधी. रिकामी मोटर दात खाल्ल्यासारखी करकरते. ती करकर ऐकून समोरच्या बेकरीवाल्या वहिनींना वाटतं, आपण मागे राहिलो. मग त्या लावतात. मग त्यांच्या पलीकडचे. गल्लीच्या टोकाला रिटायर झालेले हेडमास्तर राहतात, त्यांच्यापर्यंत ही साथ पोहोचते तेव्हा नळात अजून थेंब नसतो. कोरड्या चालून मोटरी जळतात आणि माझ्याकडे येतात. मी प्रत्येकाला सांगतो, पाणी आल्यावर लावा. प्रत्येक जण हो म्हणतो आणि दुरुस्त मोटर घरी नेऊन दुसऱ्या दिवशी कोरडी चालवतो.

पूर्वी असं नव्हतं. पाणी दोन्ही वेळा यायचं आणि आपल्या पायांनी गच्चीवरच्या टाकीत चढायचं. मग पाऊस बिघडला. जो पाऊस महिनाभर हळूहळू पडायचा, तो आता एका दुपारीच सगळा ओतून मोकळा होतो आणि नंतर तोंड दाखवत नाही. ऊन मात्र रजा घेत नाही. धरण आटलं, पाणी रोजचं एक दिवसाआड झालं, आणि तेही नळाला शरम वाटावी इतकं बारीक. मग एकाने मोटर लावली. एकाने लावली की दुसऱ्याला लावावीच लागते.

आमच्याकडेही मोटर आहे. पण आमच्या घरात पद्धत वेगळी होती. माझी बायको, ही, सकाळी नळाच्या पाइपावर तळहात ठेवून उभी राहायची. पाइप गार लागला की आत ओरडायची, "आलं हो!" मग मी बटण दाबायचो. मी म्हणायचो, अगं, नळ सोडून ठेव, पाणी आलं की आवाज येईलच. ती म्हणायची, "शिंप्याच्या मोटरीच्या बोंबलण्यात माझ्या नळाचा आवाज कसा ऐकू येणार?"

या वर्षी भर उन्हाळ्यात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एका दुपारी आभाळ फाटलं. गटारं रस्त्यावर आली. पिण्याच्या पाण्याचा पाइप आमच्याकडे गटारातूनच गेलेला आहे. कुणी घातला, कोणत्या अकलेने घातला, देव जाणे. दोन दिवस पाणी बंद होतं. तिसऱ्या दिवशी येणार म्हणून कळलं आणि गल्लीतल्या सगळ्या मोटरी जीव खाऊन सुरू झाल्या. त्या दिवशी त्यांनी पाइपातून काय ओढलं ते बाईंनी मला नंतर सांगितलं. पाइपाचे जोड गळके असतात. पाइप भरलेला असला की आतलं पाणी बाहेर गळतं. रिकाम्या पाइपाला मोटर लावली की बाहेरचं गटार आत येतं. आणि हवा अशी तापलेली असली, पाणी कोमट असलं, की त्यातले जंतू दुपटीने वाढतात.

ही पाणी उकळायची. कधी चुकली नाही. त्या दिवशीही गॅसवर पातेलं ठेवलं होतं. पण तिने नळाखाली काकडी धुतली आणि एक तुकडा तोंडात टाकला. मला दिला नाही, कारण मला काकडी आवडत नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्यात जागा मिळेपर्यंत तिच्या डोळ्यांच्या खोबणी झाल्या होत्या. सलाइन लावायला शीर सापडेना. संध्याकाळी ती गेली. गल्लीत बऱ्याच जणांना झालं होतं. बाकीचे बरे झाले.

शिंपी आला, माझ्या शेजारी बसला आणि लहान मुलासारखा रडला. "वहिनींच्या हातचं मी किती खाल्लंय," म्हणाला. खोटं रडला नाही, हे मला माहीत आहे. पण त्यानंतर ज्या दिवशी पाणी यायचं होतं त्या सकाळी, नळात थेंब नसताना, भिंतीपलीकडे त्याची मोटर करकरायला लागली. मी हिच्या फोटोकडे बघत बसलो होतो. तो फोटो भिंतीवर थरथरत होता.

हे झालं ते झालं. माणूस गेलं की परत येत नाही. पण बाई चौकशीला आल्या त्या दिवशी माझी सूनबाई आतून पाणी घेऊन आली. तिला सातवा महिना होता. बाईंनी तिच्याकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं आणि विचारलं, "उकळलेलं आहे?"

"हो," सूनबाई म्हणाली.

"दात कशाने घासतेस?"

सूनबाईने नळाकडे बघितलं.

"भांडी कशाने धुतेस?"

मग बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "आता आलं ते जुलाबाचं. याच्या मागून कावीळ येते. ती लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी बाहेर पडते. तुम्हाला झाली तर तुम्ही पडून राहाल आणि बरे व्हाल. पोटुशी बाईला तिच्यातली एक जात सोडत नाही, शेवटच्या महिन्यांत तर नाहीच. आई आणि मूल दोन्ही जातात. हिला कुठे दुसरीकडे ठेवता येईल का?"

ठेवायचं कुठे? तिला आईवडील नाहीत. भाऊ एका खोलीत पाच माणसांनिशी राहतो. माझा मुलगा लांब पुलाच्या कामावर, पत्र्याच्या शेडमध्ये. बाई गेल्यावर मी सूनबाईला म्हटलं, "कुणी मैत्रीण वगैरे?"

"मी कुठे जाऊ, बाबा? इथे निदान ओरडायला तुम्ही तरी आहात."

मग मी ओरडायचं ठरवलं. आधी हळू ओरडलो. शिंप्याकडे गेलो. त्याच्या समोर कापड आणि तोंडात टाचण्या होत्या.

"शिंपीदादा, मोटर काढा म्हणत नाही. फक्त पाणी आल्यावर लावा. आलेलं पहिलं पाणी थोडं वाहू द्या, मग लावा. सूनबाईचे दिवस भरत आलेत."

त्याने टाचण्या काढल्या. "मिस्त्री, तुमची सून ती माझी सून. मी आजपासून थांबतो. पण बेकरीवालीला सांगा आधी. ती थांबली नाही तर मी काय कोरडा मरू?"

मी समोर गेलो. वहिनी पाव मोजत होत्या.

"अहो भाऊजी, मी तर कधीच आधी लावत नाही!"

"मग कधी लावता?"

"शिंप्याची सुरू झाली की."

"तो कधी लावतो?"

"आधी."

"म्हणजे तुम्हीही आधीच लावता."

"पण त्याच्या नंतर!" वहिनी म्हणाल्या आणि पुढे मोजायला लागल्या.

हेडमास्तरांकडे जाताना मला आशा होती. त्यांनी मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. हिमनद्या कशा वितळतात, समुद्र कसा तापतो, ढग कुठे जमतात आणि कुठे फुटतात. सगळं बरोबर असणार, ते खूप वाचतात. शेवटी म्हणाले, "मिस्त्री, हा प्रश्न जागतिक आहे. मोठ्या देशांनी धूर सोडायचा आणि भोगायचं आपण. जागतिक प्रश्नाला गल्लीत उत्तर नसतं."

"मोटरीचं बटण गल्लीतच आहे, सर."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय, आणि ते साहजिक आहे," असं म्हणत त्यांनी घड्याळ बघितलं. "एक मिनिट हां." ते उठून मागे गेले. करकर सुरू झाली. त्या दिवशी पाणी संध्याकाळी सोडणार होते.

मग बेकरीच्या मागच्या खोलीत सगळ्यांची बैठक घेतली. पाव खाल्ले, चहा प्याला. पाणी आल्याशिवाय कुणीही मोटर लावायची नाही, असं एकमताने ठरलं. हेडमास्तरांनी "एकमताने" हा शब्द दोनदा उच्चारला. पुढच्या पाण्याच्या सकाळी मी दारात उभा राहिलो. गल्ली शांत होती. मला खरंच वाटलं, जमलं. मग टोकाकडून बारीक आवाज आला. कुणीतरी मोटरवर गोधडी टाकून ती सुरू केली होती, आवाज येऊ नये म्हणून. गोधडी! म्हणजे लाज होती, अक्कल नव्हती. पाठोपाठ सगळ्या सुरू झाल्या. मी रस्त्यात उतरून काय काय बोललो ते मला आठवत नाही. शिंपी सांगतो की मी त्याच्या आजोबांपर्यंत गेलो होतो. सूनबाईने पोट सांभाळत मला हाताला धरून आत नेलं.

"बाबा, बाळ आतून ऐकतंय. पहिला शब्द हाच शिकेल."

मग मी कुणाचीच मोटर दुरुस्त करायची नाही असं ठरवलं. त्याने काही झालं नाही. चौकात दुसरा मेकॅनिक आहे. त्याचं काम कच्चं, पण जीभ गोड. लोक तिकडे गेले.

पाणीखात्यात गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. पाइप गटारातून बाहेर काढायचं काम मंजूर आहे म्हणाले. कधी होणार? "पावसाच्या आधी करायचं होतं. पण पाऊस कधी येणार ते आता कळतच नाही, म्हणून थांबलोय."

घरी आलो आणि सूनबाईसाठी दात घासायलासुद्धा उकळलेलं पाणी भरून ठेवलं. भांडी धुवायला उकळलेलं, तोंड धुवायला उकळलेलं. गॅस दिवसभर पेटलेला. बाहेर ऊन, आत वाफ. ती घामाने निथळत बसायची आणि मी तिला हात धुताना बघत राहायचो. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, असं बघू नका. माझ्या हातून चूक व्हावी म्हणून वाट बघताय असं वाटतं." मी बाहेर जाऊन दुकानात बसलो. चूक एकदाच पुरते, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. तिने बघितलं होतं.

आणि मग पुन्हा तसाच पाऊस आला. एक दुपार, जणू कुणी वरून टाकी उपडी केली. गल्लीत गुडघाभर पाणी. सगळ्यांच्या मोटरी फाटकाजवळ जमिनीवर बसवलेल्या, त्या सगळ्या बुडाल्या. पाणीखात्याने पुरवठा काही दिवस बंद ठेवला. नळाला पाणी आलं की काय होणार ते मला दिसत होतं. गटार पाइपावर दोन दिवस बसलेलं होतं.

पाणी ओसरलं आणि सकाळी दुकानाचं दार उघडतो तर शिंपी उभा. दोन्ही हातांत मोटर, छातीशी धरलेली. खाली चिखल गळतोय.

"मिस्त्री, राग सोडा. हिला बघा ना जरा. चौकातल्याचं दुकानच पाण्यात आहे."

त्याच्या मागे वहिनी. त्यांच्या मागे हेडमास्तर, मोटर चाकाच्या खुर्चीवर ठेवून ढकलत आणलेली. दुपारपर्यंत अख्खी गल्ली येऊन गेली. माझी बायको आजारी पडली त्या दिवशी गाडी आणायला मला एक माणूस मिळाला नव्हता. मोटरी मात्र लोकांनी खांद्यावरून आणल्या. रागाने माझे कान तापले. सगळ्या उचलून रस्त्यावर फेकाव्यात असं वाटलं.

सूनबाई दाराच्या चौकटीला टेकून त्या चिखलाच्या ढिगाकडे बघत होती.

"बाबा, माणसं ऐकत नाहीत. मोटर तरी ऐकते का तुमचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी आल्याशिवाय सुरूच व्हायची नाही, असं काही करता येतं का?"

येतं. दाबाचा एक खटका मिळतो. मोटरच्या तोंडाशी बसवायचा. पाइपात पाणी येऊन त्याने दाब दिला तरच वीज पुढे जाते. रिकाम्या पाइपावर बटण कितीही दाबा, मोटर हूं की चूं करत नाही. मी कित्येक कारखान्यांत बसवून दिलेत. घरगुती मोटरला कुणी मागत नाही, म्हणून कधी डोक्यात आलं नाही. मी मुलाला फोन केला. तो सुट्टी काढून पिशवीभर खटके घेऊन आला. कशाला, ते त्याने विचारलं नाही. त्याच्या बायकोकडे बघून त्याला कळलं असावं.

मी मोटरी खोलल्या, धुतल्या, वाळवल्या. प्रत्येकीत खटका बसवला आणि झाकण असं लावलं की बाहेरून दिसू नये. मुलगा मदतीला होता. तो म्हणाला, "सांगू या लोकांना. त्यांच्या भल्याचंच आहे. आणि मोटरसुद्धा जळणार नाही."

"सांगितलं की ते हो म्हणतील," सूनबाई म्हणाली. "आणि मग चौकात जाऊन काढून आणतील."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी पुढच्या मोटरचं झाकण आवळायला घेतलं. माझ्या हातून आजवर कुणाला न सांगता कुणाच्या मोटरमध्ये काही गेलेलं नाही. पण बैठक, चहा, पाव, एकमताने, ते सगळं करून झालं होतं.

पाणी सुटणार त्या सकाळी मी पुन्हा दारात उभा राहिलो. भिंतीपलीकडे शिंप्याने बटण दाबल्याचं ऐकू आलं. टक. काही नाही. पुन्हा टक. टक टक टक. मग त्याचा आवाज, "अगं, लाइट गेलेत का?" समोर वहिनी मोटरला काठीने ठोकत होत्या. टोकाला हेडमास्तर फ्यूज बघायला खुर्चीवर चढले होते. आणि मग, किती वर्षांनी, मी पाणी येताना ऐकलं. आधी पाइपातून हवा फुसफुसली. मग नळ दोनदा खोकला, चहासारखं गढूळ पाणी पडलं, ते मी वाहू दिलं. मग ते हळूहळू निवळलं. नंतर एकामागून एक मोटरी सुरू झाल्या.

त्या महिन्यात मागच्या गल्लीत चार घरांत कावीळ निघाली. आमच्या गल्लीत कुणालाच नाही. मला वाटलं, आता तरी कुणी काही विचारेल. शिंपी म्हणाला, "आपल्या गल्लीचं पाणी मुळातच चांगलं." हेडमास्तर म्हणाले, उंचीचा फरक असतो. मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि तक्रारी सुरू झाल्या. मिस्त्रीने मोटरी बिघडवून ठेवल्या. मिस्त्रीच्या हातची मोटर उशिरा सुरू होते. हेडमास्तरांनी "तांत्रिक दोष" असा शब्द वापरला. वहिनींनी दबक्या आवाजात सांगितलं की भाऊजींचं वय झालं. तीस वर्षं मी या कामात आहे. माझ्या हातून गेलेली मोटर परत आली तर मला रात्रभर झोप लागत नाही, हे हिला माहीत होतं. आता गल्लीभर माझं काम नासकं म्हणून नाव झालं, आणि मला तोंड उघडायची सोय नाही.

काल शिंपी दुकानात आला. आल्याआल्याच तापलेला होता.

"मिस्त्री, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वहिनी गेल्यापासून तुमचं कामात लक्ष नाही. हात गेलाय तुमचा."

आतल्या दाराशी सूनबाई होती. आता तिला जमिनीवर बसता येत नाही, ती स्टुलावर बसून कपडे घडी करत होती. ती एकदम उठली. तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मी हाताने तिला थांब म्हटलं.

"खरं आहे, दादा," मी म्हणालो. "हात बसत नाही पूर्वीसारखा."

माझ्या अशा बोलण्याने तो जरा वरमला. "तसं नाही हो. पण सकाळी मोटर लागतच नाही ना."

"पाणी आल्यावर लागते?"

"आल्यावर लागते. आल्यावर काय, कुणाचीही लागते! आधी लागत नाही."

"दुरुस्त करून देतो. पण हातात कामं खूप साचलीत. पुढच्या महिन्यात आणा."

"पुढच्या महिन्यात? चौकातल्याने तर पाणी भरल्यापासून दुकानच उघडलं नाही. तोवर मी काय करू?"

"तोवर पाणी आल्यावर लावा."

तो कपाळाला आठ्या घालून गेला. बेकरीसमोर थांबून वहिनींना काहीतरी सांगताना दिसला. दोघांनी माझ्या दुकानाकडे बघून माना हलवल्या.

सूनबाई हळूच स्टुलावर बसली. "बाबा, दिवस या महिनाअखेरचे आहेत. पुढच्या महिन्यात खरंच काढून देणार का खटका?"

"पुढच्या महिन्यात बाळ नळाखाली आंघोळ करणार," मी म्हणालो. "कामं अजून साचतील."